बायोडिझेलचा दहावा हिस्सा

२०१९ च्या डिसेंबर अखेरची सकाळ होती. पिंपाचं बूच काढून मी हातपंपाची नळी आत सोडली, तर ती वीतभर जाऊन अडकली. आतला माल, म्हणजे बायोडिझेल करताना तळाशी उरणारं कच्चं ग्लिसरॉल (ग्लिसरिन), थिजला होता. थंडीत साजूक तूप बसतं तसा, फक्त रंग काकवीचा. दुसरं पिंप उघडलं, तिसरं उघडलं, सगळीकडे तेच. कंपाउंडच्या भिंतीला लागून अशी ४१ पिंपं उभी होती आणि दर दिवसाआड त्यात भर पडत होती. त्या दिवशी दादा आणि मी पहिल्यांदा समोरासमोर बसून बोललो, की बायोडिझेल विकलं जातंय, पण ह्याचं काय करायचं.

आमचं युनिट कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत. मी शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, दादाची बारा वर्षं फाउंड्रीत गेलेली. २०१८ च्या १ जुलैपासून तळणीच्या तेलाला मर्यादा आली: त्यातली ध्रुवीय संयुगं (तेल तापून तापून खराब होताना वाढणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल पुन्हा वापरायचं नाही. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘रुको’ हा उपक्रम काढला, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून केलेलं बायोडिझेल विकत घेण्याची तयारी दाखवली. आम्ही तेव्हा यंत्रं बसवतच होतो. फरसाणवाले, वडेवाले, हायवेवरचे ढाबे, दोन कॅन्टीन, सगळीकडे दादा स्वतः कॅन ठेवून आला. दसऱ्याला पहिली बॅच काढली.

बँकेला दिलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ग्लिसरॉलसाठी एकच ओळ होती: ‘उपउत्पादन, ग्लिसरिन, विक्रीयोग्य.’ रिपोर्ट करून देणाऱ्याने पुढे जो भाव लावला होता, तो औषधी दर्जाच्या शुद्ध ग्लिसरिनचा होता. मी रसायनशास्त्र शिकलेली असूनही ती ओळ वाचून पुढे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. घरचे दागिने त्या कर्जात अडकले होते.

रसायन साधं आहे. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला चिकटलेल्या तीन स्निग्धाम्लांच्या साखळ्या. मिथेनॉल घालून, कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅशच्या मदतीने ६० अंशांच्या आसपास ढवळलं, की त्या तीन साखळ्या सुटतात आणि मिथेनॉलला जाऊन मिळतात. तेच बायोडिझेल. कणा मोकळा होऊन तळाशी बसतो, तो ग्लिसरॉल. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो. हे प्रमाण कोणाला बदलता येत नाही. तुम्ही कितीही चांगलं काम करा, दहावा हिस्सा खाली बसणारच. उलट काम जितकं चांगलं, तितका तो पुरता खाली उतरतो. बायोडिझेलच्या भारतीय मानकात मोकळं ग्लिसरॉल ०.०२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, कारण ते इंजेक्टरवर बसतं. म्हणजे बायोडिझेल नीट करायचं तर ग्लिसरॉल सगळंच्या सगळं बाहेर काढावं लागतं.

पण तळाशी बसतं ते नुसतं ग्लिसरॉल नसतं. आम्ही एक टन तेलाची बॅच घ्यायचो आणि खालचा काळा थर १८० किलोंच्या पुढे भरायचा, म्हणजे बॅचला जवळजवळ एक पिंप. जानेवारीत मी नमुना तपासून आणला. जेमतेम निम्मं ग्लिसरॉल, पाचवा हिस्सा मिथेनॉल, जवळपास तेवढाच साबण, बाकी सोडा, पाणी आणि न सुटलेलं तेल. तळणीच्या तेलात मोकळी आम्लं जास्त असतात. ती सोड्याशी मिळून साबण होतात आणि साबण ग्लिसरॉलमध्ये उतरतो. थंडीत पिंपं थिजली होती ती त्या सोड्याच्या साबणामुळे.

पहिला महिना मी गिऱ्हाईक शोधण्यात घालवला. मुंबई-ठाण्याकडच्या, गुजरातेतल्या शुद्धीकरणवाल्यांना फोन केले. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले: ग्लिसरॉल किती टक्के? राख (जाळल्यावर मागे उरणारे क्षार) किती? मिथेनॉल किती? आमचे आकडे ऐकले की पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणायचा, ‘मॅडम, ८० टक्क्यांचं असेल तर बोला.’ एकाने तर नेण्याचे पैसे आमच्याकडेच मागितले.

रात्री बसून वाचायला लागले, तेव्हा कळलं की आमची ४१ पिंपं हा एका फार मोठ्या ढिगाचा कोपरा आहे. ग्लिसरॉल एके काळी इतकं कमी पडायचं, की १९४८ पासून अमेरिकेत ते खनिज तेलातल्या प्रोपिलीनपासून, एपिक्लोरोहायड्रिन ह्या रसायनाच्या मार्गाने तयार करायला लागले. पुढे युरोप-अमेरिकेत बायोडिझेल वाढलं, बाजारात ग्लिसरॉलचा पूर आला आणि भाव कोसळला. २००६ मध्ये डाऊ कंपनीने टेक्सासमधला कृत्रिम ग्लिसरिनचा कारखाना बंद केला. आणि २००७ मध्ये सॉल्व्हे कंपनीने फ्रान्समधल्या ताव्हो इथे बरोबर उलटी वाट धरली: ग्लिसरॉलपासून एपिक्लोरोहायड्रिन. २०१२ मध्ये थायलंडमध्ये वर्षाला एक लाख टनांचा तसाच कारखाना उभा राहिला. नदी उलटी वाहायला लागावी तसं ते मला वाटलं. मिसूरी विद्यापीठातल्या गेलन सपीस यांना २००६ मध्ये हरित रसायनाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला तोही ग्लिसरॉलपासून प्रोपिलीन ग्लायकॉल करण्याच्या प्रक्रियेसाठी. वाचून उभारी आली, पण हे सगळे रस्ते हजारो टनांचे होते. आमच्याकडे आठवड्याला तीन-चार पिंपं.

मग जवळचे रस्ते धुंडाळले.

पन्हाळ्याच्या बाजूला मावसभावाचं गुऱ्हाळ आहे. जानेवारीत हंगाम भरात होता. आम्ही एक पिंप तापवून पातळ केलं, ते चिपाडावर ओतलं आणि चुलवाणात घालायला दिलं. जळतं का? जळतं. शुद्ध ग्लिसरॉलचं उष्मांकमूल्य डिझेलच्या निम्म्याहूनही कमी आहे, पण फुकट मिळणाऱ्या जळणाला ते कमी नव्हतं. दहा मिनिटांत जाळ घालणारे मामा डोळे चोळत बाहेर आले. मीही वाकून बघायला गेले आणि घसा बंद झाला. कढईत तेल विसरून जळलं की स्वयंपाकघरात जो डोळ्यांना झोंबणारा धूर होतो, तोच, पण दसपट. तो वायू अ‍ॅक्रोलिन. ग्लिसरॉल पुरेशा तापमानाला न जळता नुसतं धुमसलं, की त्यातून पाणी सुटून अ‍ॅक्रोलिन बनतं, आणि ते विषारी आहे. गुळव्याने काहिलीकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, ‘ताई, ह्या वासात गूळ न्हाई निघायचा.’ राहिलेलं चिपाड आम्ही बाजूला काढलं, मामांचे डोळे पाण्याने धुतले आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. दोन दिवसांत ते बरे झाले. ह्या मालाला जळण समजायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. मोठ्या भट्टीत, चांगल्या बर्नरवर ते जाळतात, पण तिथेही त्यातलं मीठ विटांना खातं.

त्या प्रसंगाने आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. पिंपात पाचवा हिस्सा मिथेनॉल असताना आपण ते बाहेर नेलं, ओतलं, जाळाजवळ नेलं. मिथेनॉल ६५ अंशांच्या अलीकडेच उकळतं, उन्हात त्याची ज्योत जवळपास दिसतही नाही, आणि थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात. शिवाय ते आम्हीच विकत आणलेलं होतं. हिशेब मांडला तर दहा पिंपांमागे जवळजवळ दोन पिंपं मिथेनॉल आम्ही भिंतीला लावून ठेवत होतो. दादाने भंगारातून स्टीलची टाकी आणली, तिला वाफेचं जॅकेट बसवलं, वर कंडेन्सर, शेजारी व्हॅक्युम पंप, मोटार ठिणगी न उडणारी. मार्चच्या सुरुवातीला एका पिंपातून ४२ लिटर मिथेनॉल परत मिळालं. सुरुवातीला येतं ते कोरडं असतं, शेवटी पाणी मिसळू लागतं, म्हणून घनता ०.७९ च्या वर सरकली की कॅन बदलायचा. ह्या एका गोष्टीने दर बॅचचा मिथेनॉलचा खर्च पाचव्या हिश्श्याने उतरला. ग्लिसरॉलमधून आम्ही कमावलेले पहिले पैसे ग्लिसरॉलचे नव्हतेच.

इचलकरंजीलाही जाऊन आले. सायझिंगमध्ये सुताला खळ देताना थोडं ग्लिसरिन घालतात. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, सूत कोरडं पडून मागावर तुटत नाही, आणि उन्हाळ्यात त्याची गरज जास्त. एका सायझिंगवाल्या काकांनी मोठ्या मनाने एक बीम (सुताचा मोठा रूळ) करून बघितला. सूत तुटलं नाही. पण कापडावर पिवळट झाक आली आणि वास राहिला. ‘पोरी, माल वाईट नाही, पण अजून कच्चा आहे,’ ते म्हणाले. मी तो कापडाचा तुकडा घरी आणून ठेवला आहे.

मग टाळेबंदी आली. हॉटेलं बंद, तेल बंद, रिअ‍ॅक्टर थंड. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या ग्लिसरॉलला पहिल्यांदा कोणीतरी भाव विचारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत दहा लिटरमागे १४५ मिलिलिटर ग्लिसरॉल लागतं, त्वचा कोरडी पडू नये म्हणून. गावोगाव लोक सॅनिटायझर करायला लागले होते आणि ग्लिसरिन मिळेना. एप्रिलमध्ये दोघेजण टेम्पो घेऊन दारात आले. रोख पैसे देतो म्हणाले, बिल नको, आम्ही गाळून घेऊ. बँकेचा हप्ता तटलेला होता. दादाने माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हटलं. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी एकदा पूर्ण तास जे. जे. रुग्णालयाच्या प्रकरणावर घालवला होता. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे.मध्ये उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, औद्योगिक वापराचं, आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दोन्ही द्रव दिसायला सारखे, दाट, गोडसर. सर म्हणाले होते की ग्लिसरॉल हा शब्द पिंपावर लिहिलेला असतो, आत काय आहे ते फक्त तपासणी सांगते. आमच्या पिंपात मिथेनॉलचा अंश होता, हे मला तपासणीनेच सांगितलं होतं. जे लोकांच्या हातावर, लेकरांच्या तोंडाजवळ जाणार ते मी कसं देणार? ते दोघे रागावून गेले. त्या रात्री दादाने मला फक्त एवढं विचारलं, ‘मिथेनॉल काढून घेतलेल्या मालातही ते राहतं का?’ मी म्हटलं, थोडं राहतंच. तो म्हणाला, ‘मग झालं.’ दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येक पिंपावर लाल रंगाने कवटी काढली आणि खाली ‘अंगाला लावू नये’ असं लिहिलं.

खरी वाट सापडली ती शिरोळ तालुक्यात, एका गोठ्यावर. तिथले तात्या दादाच्या फाउंड्रीतल्या मित्राचे वडील. २५ जनावरं, १५ घनमीटरचं गोबर गॅस. टाळेबंदीत दूध संकलन विस्कळीत झालेलं, सिलिंडर मिळायला त्रास. मी त्यांना सांगितलं की शेणातल्या जिवाणूंना ग्लिसरॉल फार आवडतं. कागदावरच्या हिशेबाने १ किलो शुद्ध ग्लिसरॉलमधून सुमारे ०.४३ घनमीटर मिथेन निघतो, शेणातून किलोमागे निघतो त्याच्या कितीतरी पट. तात्यांनी मिथेनॉल काढलेले दोन कॅन घेतले. सुरुवात रोज तीन लिटरने केली, शेणकाल्यात कालवून. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘ताई, दुपारचा जाळबी गॅसवरच झाला बघा.’ हळूहळू सात लिटरपर्यंत गेलो, म्हणजे रोजच्या काल्याच्या एक टक्क्याच्या आत. डोम चांगला फुगायला लागला.

पुढे जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण असं करून बघणारे पुष्कळ जण इथेच फसतात. घरी लग्नाची पंगत होती, टाळेबंदीतली, पन्नास माणसांची. गॅस जास्त हवा म्हणून तात्यांच्या धाकट्याने एका दिवसात २५ लिटरचा अख्खा कॅन ओतला. पहिल्या दिवशी गॅस वाढला. तिसऱ्या दिवशी शेगडी पेट घेईना. आउटलेटला आंबट, कुबट वास. मी आम्लपणा मोजायची पीएचची पट्टी घेऊन गेले, रंग सहाच्या खाली. ग्लिसरॉल फोडून आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने काम करतात, त्या आम्लाचा मिथेन करणारे सावकाश. पहिल्यांनी इतकं आम्ल केलं की दुसरे त्यात बुडाले. टाकीत ग्लिसरॉल आणि शेण घालणं थांबवलं, चुन्याची निवळी थोडी थोडी घातली, शेजारच्या चालू गोबर गॅसची दहा बादल्या स्लरी विरजण म्हणून आणून ओतली. शेगडी पुन्हा पेटायला अठरा दिवस लागले. अठरा दिवस त्या घरातल्या बायका चुलीपुढे बसल्या, आणि त्यातली एकही मला लागेल असं बोलली नाही. तेव्हापासून मी कॅन देताना मापही देते: एक लिटरचं, आणि त्यावर रोजची संख्या लिहिलेली.

गॅस सुरळीत झाल्यावर मी आनंदात तात्यांना म्हटलं, आता कायम देत जाऊ. तात्या स्लरीच्या खड्ड्याजवळ उभे होते. म्हणाले, ‘गॅसचं ठीक हाय ताई. पर ही स्लरी माझ्या उसाला जाती. तुमच्या मालात सोडा हाय म्हणता. आमच्या रानात आधीच मीठ फुटलंया.’

शिरोळ भागातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं पाटाचं आणि नदीचं पाणी देऊन देऊन कृष्णाकाठची हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. उन्हाळ्यात तिथून गेलं तर वावरावर पांढरा थर दिसतो. त्या मातीचा शत्रू सोडियम. आणि मी त्यांना दर कॅनमधून सोड्यातलं सोडियम देत होते, गॅसच्या आनंदात. मी रसायनाची, त्यांनी शाळा चौथीत सोडलेली, आणि मातीचा हिशेब त्यांनी मांडला.

घरी येताना गाडीत मी गप्प होते. शुद्धीकरणवाले राख किती म्हणून का विचारतात, थंडीत माल का थिजतो, तात्यांना का नको आहे, सगळ्याच्या मुळाशी एकच पोतं होतं: रिअ‍ॅक्टरच्या शेजारी ठेवलेलं कॉस्टिक सोड्याचं. ग्लिसरॉलचं काय करायचं हा प्रश्न मी पिंप भरल्यावर विचारत होते. तो पोतं फोडायच्या आधी विचारायला हवा होता.

सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरता येतं. अभिक्रिया तीच, बायोडिझेल तेच. फरक दोन: पोटॅश महाग आहे, आणि वजनाने १.४ पट लागतं, कारण त्याचा रेणूभार ५६ आणि सोड्याचा ४०. दादाने हिशेब बघून डोक्याला हात लावला. मी म्हटलं, सहा महिने दे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॉटेलं उघडू लागली तेव्हा पहिली पोटॅशची बॅच काढली. खालचा थर पातळ. डिसेंबरातल्या थंडीतही हातपंपाने सरळ ओढला जाई.

आणि मग पुढचं काम शक्य झालं, जे मला सगळ्यात आवडतं. मिथेनॉल काढून घेतलेला माल टाकीत गरम ठेवायचा आणि सावकाश फॉस्फोरिक आम्ल घालत ढवळायचं. पीएच पाचाच्या खाली उतरला की ढवळणं बंद. टाकीला आम्ही एक काचेची खिडकी बसवली आहे. तासाभरात तिथे तीन थर दिसायला लागतात. वर काळं, तेलकट: साबण फुटून मोकळी झालेली स्निग्धाम्लं. मध्ये चहाच्या रंगाचं पारदर्शक ग्लिसरॉल. तळाला पांढऱ्या-पिवळ्या रव्यांचं मीठ. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आईला फोन करून युनिटवर बोलावलं. सहा महिने जो चिखल होता, तो आपणहून तीन कामाच्या वस्तूंमध्ये वाटला गेला होता.

वरची स्निग्धाम्लं परत बायोडिझेलच्या वाटेला लागतात. त्यांना आधी सल्फ्युरिक आम्लासोबत मिथेनॉल देऊन एस्टर करून घ्यावं लागतं, मग ती तेलात मिसळायची. मधलं ग्लिसरॉल उदासीन करून त्यातलं पाणी आटवलं की ८० टक्क्यांच्या पुढे जातं. मीठ कापडावर गाळून, वाळवून घ्यायचं. एका पिंपामागे १५ ते २० किलो.

त्या मिठाचं काय, हे मला तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराने सांगितलं. ते दादाकडे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी आले होते. वाळत घातलेले खडे त्यांनी चिमटीत धरले आणि विचारलं हे काय. मी म्हटलं, पोटॅश आणि फॉस्फोरिक आम्लाचं मीठ. ते हसले, ‘म्हणजे झिरो-बावन्न-चौतीसच की!’ बरोबर होतं. मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ज्या पांढऱ्या पुड्यासाठी द्राक्षवाले दर हंगामात पैसे मोजतात, त्याचाच अशुद्ध भाऊ आमच्या गोणपाटावर वाळत होता. शुद्ध खतातल्या ५२ (स्फुरद) आणि ३४ (पालाश, म्हणजे पोटॅशियम) ह्या आकड्यांइतकं ते भरत नाही, आणि त्यात ग्लिसरॉलचा व साबणाचा अंश असतो. पानावर फवारायला मी कोणालाच देत नाही. खत म्हणून विकायला परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. आमच्या स्वतःच्या दीड एकर उसाला आम्ही ते जमिनीतून देतो. दोन हंगाम माती तपासून घेतली, मगच तात्यांच्या स्लरीचा विषय पुन्हा काढला. आता त्यांच्याकडे जाणाऱ्या कॅनमध्ये सोडियम नाही, पालाश आहे, आणि उसाला तो हवाच असतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात ८० टक्क्यांच्या ग्लिसरॉलची पहिली गाडी शुद्धीकरणासाठी गेली. नमुना तीनदा पाठवावा लागला. एकदा राख जास्त भरली, एकदा पाणी. भाव काही मोठा मिळत नाही. तो मलेशिया-इंडोनेशियातल्या पामतेलाच्या कारखान्यांवर ठरतो, आमच्यावर नाही. इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरवलं, त्यासाठी दीड कोटी किलोलिटरच्या वर कोटा दिला. आपला दहाव्या हिश्श्याचा नियम लावा: फक्त त्या एका निर्णयामागे वर्षाला तेरा लाख टनांच्या आसपास ग्लिसरॉल खाली बसतं. ते कुठेतरी जायला हवंच. आपल्याकडेही २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं जावं असं मला मनापासून वाटतं, मी त्याच कामात आहे. पण नवीन युनिट काढणारी मुलं आमच्याकडे बघायला येतात तेव्हा रिअ‍ॅक्टरचा आकार विचारतात, तेलाचा भाव विचारतात. ग्लिसरॉलचं विचारलं की म्हणतात, ते जाईल कुठेतरी. काही ठिकाणी ते ओढ्यात गेलेलं मी पाहिलं आहे. गोड पदार्थ आहे, पाण्यातले जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे पोट वर करून तरंगतात. परवाना देताना तेल कुठून आणणार हे जसं विचारतात, तसं ग्लिसरॉल कुठे देणार हे लेखी विचारलं पाहिजे, आणि पिंपं मोजली पाहिजेत.

मला कोणी विचारलं तर मी तीनच गोष्टी आग्रहाने सांगते. पोटॅश वापरा, पहिल्या दिवसापासून. मिथेनॉल काढून घेतल्याशिवाय एक थेंब आवाराबाहेर जाऊ देऊ नका. आणि पहिलं बायोडिझेल विकायच्या आधी दोन जणांशी बोलून ठेवा: एक शुद्धीकरणवाला, एक मोठ्या गोबर गॅसवाला. ग्लिसरॉलपासून साबण करण्याचं बरेच जण सुचवतात. फरशी आणि यंत्रं पुसायला लागणारा साबण आम्ही करतो, पण त्यात आठवड्याला जेमतेम वीस किलो माल खपतो.

सोड्याची जुनी पिंपं मात्र अजून संपलेली नाहीत. ती तात्यांना देता येत नाहीत, मिठाचं खत होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ती उन्हाने मऊ पडतात, तेव्हा आम्ही एकेक उघडतो, मिथेनॉल काढतो, आम्लाने फोडतो आणि पोटॅशच्या मालात थोडं थोडं मिसळून शुद्धीकरणाला पाठवतो, राखेचा आकडा मर्यादेत राहील इतपतच. टाळेबंदी लागेपर्यंत ती ७० च्या वर गेली होती. गेल्या मेमध्ये अकरा उरली. कंपाउंडच्या भिंतीवर त्यांच्या मागची ओल आता दिसायला लागली आहे. दादा म्हणतो, ती रिकामी झाली की तिथे तात्यांसाठी कॅन भरायचा ओटा बांधू.